तिसऱ्या नंबरचा माउथपीस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्याच्याजवळ मी एरवी सगळं ओकतो त्या मोर्शीच्या भावालाही नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. तो अकोल्यात आहे, धडधाकट आहे, फोन केला तर दुसऱ्या रिंगला उचलतो. मग सांगायला अडचण कसली होती? कसलीच नाही. मी सांगितलं नाही, एवढंच.

तुम्हाला सांगणं त्या मानाने सोपं. तुम्ही मला पाहिलेलं नाही — किंवा पाहिलं असेलही. गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या भागातल्या एखाद्या लग्नात, जयंतीच्या कार्यक्रमात, एक टकला, जाड भिंगाचा माणूस उभा राहून सॅक्सोफोन वाजवताना दिसला असेल आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असतील, तर तो मी. टाळ्यांबद्दल आभार मानत नाही. का ते कळेलच.

माझं नाव दिलीप. अमरावतीच्या एका शाळेत लिपिक होतो, दोन वर्षांमागे सुटलो. शाळेत मला कुणी विचारत नव्हतं, आणि मीही शाळेला विचारत नव्हतो. माझं सगळं चित्त ऑर्केस्ट्रात. आमचा ऑर्केस्ट्रा चालवणारे मास्तर अमरावतीचेच. त्यांच्याकडे दोन सॅक्सोफोन. पहिला गौतम, दुसरा मी.

पहिला आणि दुसरा यात फरक काय, ते बाहेरच्या माणसाला समजत नाही. वाद्य तेच. पण पहिला गाण्याचा मुखडा वाजवतो, एकटा, उभा राहून. झोत त्याच्यावर. दुसरा मागे खुर्चीत बसून भर घालतो. भर म्हणजे काय — तर नसली तर कळतं, असली तर कुणाचं लक्ष जात नाही. मी वीस वर्षं भर घातली. वीस वर्षं मला गौतमची पाठ दिसत होती. त्याच्या शर्टावर घामाचा डाग कुठून सुरू होतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत कुठे पोचतो, ते मी डोळे मिटून सांगू शकतो.

गौतम अकोल्याचा. तिथल्या एका जिनिंग कारखान्यात फिटर. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, पण आमचं नातं अरे-तुरेचं. त्याचा सूर — आता कसं सांगू? मी त्याचा इतका द्वेष केलाय की त्या सुराची माझ्याइतकी पारख दुसऱ्या कुणाला नसेल. तो फुंकायला लागला की जेवणाच्या पंगतीतले लोक हात थांबवून मान वर करायचे. चौदा एप्रिलला अकोल्याच्या मिरवणुकीत तो भीमगीताचा मुखडा धरायचा तेव्हा मी त्याच्या मागे उभा असायचो, आणि म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावताना पाहायचो. मी तेच सूर वाजवले तर? त्या बाया पाणी प्यायला जायच्या.

आणि माणूस चांगला. हे फार वाईट होतं. तो गर्विष्ठ असता, मला पाण्यात पाहत असता, तर मला किती सोपं गेलं असतं! पण माझ्या सॅक्सोफोनची एखादी चावी बसली, पॅड गळायला लागला, की मी तो घेऊन अकोल्याला जायचो आणि हा कारखान्यातून आल्यावर, जेवण बाजूला ठेवून, कानस घेऊन बसायचा. सज्जन माणसाचा कुणाला राग येतो का? मला येतो. मला फार येतो.

एक परतवाड्याची गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी जात समजेल — माणसाची जात म्हणतोय मी, कागदावरची नाही. गौतमची बस रस्त्यात बंद पडली होती. मास्तरांनी मला उभं केलं. दोन गाणी मी उभ्याने वाजवली, झोत माझ्यावर. मनापासून वाजवली. दुसरं संपलं तशी समोरून एक जण ओरडला, "अबे, तो अकोल्याचा कुठी हाये?" लोक हसले. तेवढ्यात गौतम काळीपिवळीतून उतरून मांडवात शिरला, केसांत धूळ, हातात पेटी. पेटी उघडायच्या आधीच टाळ्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "म्या रस्त्यावरून आयकलं. चांगलं जमलं गड्या तुले." खोटं नव्हता बोलत. त्याला खरंच चांगलं वाटलं होतं. मी खुर्चीत जाऊन बसलो आणि भर घातली.

मग आठ वर्षांपूर्वी तो अपघात झाला. सासुरवाडीहून, दर्यापूरकडून, मोटारसायकलवर येत होता. रोही आडवा आला — नीलगाय म्हणतात तुमच्याकडे. गौतम तोंडावर पडला. हातपाय शाबूत राहिले. वरचे दात तेवढे गेले, समोरचे सगळे. जे उरले होते तेही डॉक्टरने काढले आणि पुढे वरची पूर्ण कवळी बसवली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. त्यांनी सरळ सांगितलं, गौतमसाठी दिवाळीपर्यंत थांबतो. त्याचा सूर आला, तर तोच पहिला. नाही आला, तर दिलीप, तू उभा राहा. फोन ठेवल्यावर मी बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि चहा पिताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतोय.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं पाप तुम्हाला साधं वाटेल. सॅक्सोफोन तोंडात धरतात तेव्हा वरचे दात माउथपीसवर टेकतात. म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर कानाने कमी आणि दातांच्या हाडातून जास्त ऐकू येतो. तो सूर खरा नसतो. आतून गोड लागतो आणि बाहेर फाटका जातो, कधी त्याच्या उलट. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, मास्तरांच्या गुरूंपासूनची. आपला माउथपीस आपण निवडायचा नाही. दुसऱ्या सॅक्सोफोनवाल्याने निवडायचा. वाजवणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हात मागे करायचा. दुसरा त्याच्या हातात एकेक माउथपीस देणार, पत्ती — फुंकल्यावर थरथरते ती वेताची पातळ पट्टी — लावून तयार. कितवा, कुठला, काही सांगायचं नाही. मग दुसऱ्याने दहा पावलं लांब जाऊन ऐकायचं. आणि तो म्हणेल तो घ्यायचा. वाद घालायचा नाही. वाद घातला तर पुन्हा कुणी तुमच्यासाठी उभा राहत नाही.

माझा माउथपीस गौतमने दोनदा निवडला होता. दोन्ही वेळी इमानाने. दुसऱ्या वेळी तर उन्हात दीड तास उभा होता, आणि त्या वर्षी मास्तर पहिल्यांदा म्हणाले होते की दिलीपचा सूर सुधारला.

त्यामुळे कवळी बसल्यावर गौतमने फोन कुणाला करावा? मलाच केला. म्हणाला, "दिलीप, तू ये बाप्पा. टाळूले पुरं प्लास्टिक लागलं. आतून काईच समजून नाई राहिलं मले. आता तुह्याच कानावर हाये सारं." मी हो म्हटलं. ओळखीच्या दुकानदाराकडून पाच माउथपीस पाहायला म्हणून घेतले. पाचही काळे, दिसायला सारखे. फरक फक्त टोकाच्या फटीत. फट जितकी मोठी, तितका दम जास्त, ओठांचा दाब जास्त. कवळीवाल्या माणसाला काय हवं ते सांगायला ब्रह्मदेव कशाला हवा? बारीक फट, मऊ पत्ती. हे मला अमरावतीच्या स्टँडवरच ठाऊक होतं. म्हणून तो एक मी घेतला होता. तिसऱ्या नंबरला ठेवला होता.

इथे मला थोडं थांबू द्या.

मी घरून निघालो तेव्हा वाईट करायला निघालो होतो का? मी स्वतःला अनेकदा विचारलंय. नाही, असं म्हणायला मला आवडेल. मी योग्य माउथपीस बरोबर घेतला होता ना? त्याच्यावर मऊ पत्ती लावली होती ना? वरून, कवळी घसरू नये म्हणून, सायकलच्या ट्यूबचा तुकडाही चिकटवला होता. ते सगळं मीच केलं. मुर्तिजापूरपर्यंत मी भला माणूस होतो म्हणा हवं तर. पुढचं ठाऊक नाही.

मे महिना होता. अकोल्याचा मे. गौतमचं घर उमरीत, पुढे छोटं अंगण, निंबाची सावली. ऐकायला अडथळा नको म्हणून त्याने कूलर बंद करून टाकला होता. शोभावहिनी, त्याची बायको, दाराशी तांदूळ निवडत बसली होती. ती शाळेत पोषण आहार शिजवते, बोलते कमी. गौतम शर्ट काढून बनियनवर, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हात मागे. त्याची पाठ पुन्हा माझ्यासमोर.

पहिला दिला. भसाभस वारा गेला. दुसरा दिला. सूर आला, पण चिरका. कवळी हलत होती, त्याचा ओठ थरथरत होता हे मला मागून मानेवरूनही दिसत होतं. मग मी तिसरा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने बसवला, ओठ नीट केले, आणि फुंकला.

तो आला. सूर. गौतमचा. एका श्वासापुरता. लगेच दुसऱ्या श्वासाला आणखी मोकळा. वीस वर्षं ऐकलेला, जरासा अशक्त, दुखण्यातून उठलेल्या माणसाने दोन पावलं टाकावी तसा — पण तोच. महिनाभर मेहनत केली असती तर पुरा आला असता. मला याबद्दल तेव्हा शंका नव्हती, आज नाही.

शोभावहिनीचे हात तांदळात थांबले. तिने मान वर केली आणि म्हणाली, "भाऊजी, हे पहिल्यासारखं वाजलं नाई का?"

आणि मी काय म्हणालो? सांगतो. जसंच्या तसं सांगतो. मी म्हणालो, "वहिनी, हे कुकरची शिटी नोहे. तुमाले यातलं काय समजते?"

गौतम भिंतीकडेच पाहत होता. तो तिच्यावरच ओरडला. "तू गप राह्य ना शोभा. त्याले आयकू दे." ती खाली पाहून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी पुढे गेलो, त्याच्या हातातून तो माउथपीस काढून घेतला आणि म्हणालो, "फाटून राहिला गड्या. बाहेर पार फाटून राहिला." तो म्हणाला, "हाव का? मले तर आतून बरा लागला." मी म्हणालो, आतलं तुला आता कळणार नाही. त्याने मान हलवली. रीतच होती ना. वाद घालायचा नाही.

चौथा दिला, नावाला. मग पाचवा. पाचवा म्हणजे सगळ्यांत मोठी फट, त्यावर जाड, कडक पत्ती. हा माउथपीस बत्तीस दात असलेल्या पंचविशीतल्या पहिलवानाने वाजवावा. गौतम पन्नाशी ओलांडलेला, हिरड्या अजून कच्च्या. त्यातून नुसती घरघर आली. मी अंगणाच्या टोकाला उभा राहून, हात वर करून ओरडलो, "हाच! हाच हाये तुहा!" वळून पाहिलं त्याने. तोंडावर काय आनंद होता! म्हणाला, जड लागून राहिला. मी म्हणालो, जडच पाहिजे, मेहनत कर, दोन महिन्यांत उघडेल. मग आम्ही जेवलो. शोभावहिनीने मला भाकरीवर तूप वाढलं. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

परतीच्या बसमध्ये तिसरा माउथपीस माझ्या खिशात होता. दुकानदाराला मी तीन परत केले आणि तो एक विकत घेतला.

एवढ्यावर थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, एका क्षणाची असूया होती, कुणालाही होते. थांबलो नाही. दर रविवारी सकाळी गौतमचा फोन यायचा. तो फोन स्टुलावर ठेवून मला वाजवून दाखवायचा आणि मी अमरावतीत गादीवर लोळत ऐकायचो. किंकाळ्या निघायच्या नुसत्या. मधेच थांबून तो थुंकायचा. हिरड्या सोलल्या म्हणायचा, रक्त येऊन राहिलं. मी म्हणायचो, येतं सुरुवातीला. त्याने कवळी दोनदा घासून आणली. मी म्हणायचो, अजून थोडं. त्याच्या त्या धडपडीचा मला कंटाळा यायला लागला होता, खरंच सांगतो. एकदा तर तो वाजवत असताना मी दाढी करून घेतली.

ऑगस्टमध्ये मास्तरांनी त्याला अमरावतीला बोलावलं. मास्तरांच्या गच्चीवर सकाळी आम्ही सगळे जमलो, ढोलकीवाला, कीबोर्डवाला, गाणारी दोघं. गौतम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने पाचव्या माउथपीसवर मुखडा धरला. पहिल्या ओळीतच कवळी सुटली. त्याने वाचवायचा प्रयत्न केला, पण ती निसटून बाहेर आली आणि त्याने ती हातात झेलली. वरचा ओठ आत गेलेला, हातात गुलाबी प्लास्टिक, गळ्यात सॅक्सोफोन.

कुणी हसलं. कुणी? — पहिला हसलो तो मी. मग ढोलकीवाला हसला, मग बाकीचे, मग गौतम स्वतः. मास्तर तेवढे हसले नाहीत. गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

जिना उतरताना गौतमने मला विचारलं की नेमकं काय चुकून राहिलं. अजूनही विचारत होता! माझ्यावर शंका घ्यायची त्याला अक्कलच नव्हती. त्या जिन्यात मी त्याला खरं सांगू शकलो असतो. माउथपीस घरी होता, माझ्या घरापर्यंत रिक्षाने दहा मिनिटं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "गौतम, दम गेला तुहा. माउथपीस काय करन त्याले?"

त्याने ते मानलं. किती पटकन मानलं! जणू कुणीतरी सांगायचीच वाट पाहत होता. अकोल्याला गेला, सॅक्सोफोन शोभावहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. दिवाळीपर्यंत मास्तर थांबलेच नाहीत. गणपतीला मी उभा होतो.

तिसरा माउथपीस लावून उभा होतो. हेही सांगून टाकतो. तुम्हाला वाटेल मला त्याच्यावर गौतमचा सूर मिळाला. नाही. तो काही माउथपीसमध्ये भरलेला नसतो. पण माझा सूर पहिल्यांदा ऐकण्यासारखा झाला. मऊ झाला. लोक म्हणायला लागले की दिलीपला आता उतारवयात जमलं. मुलाखत आली, छोटीशी, एका स्थानिक चॅनलवर. त्यात मी गौतमचं नाव घेतलं. म्हणालो, माझा मित्र, दुर्दैवाने त्याला सोडावं लागलं. डोळ्यात पाणीही आणलं. गौतमने ते मोबाइलवर पाहिलं आणि फोन करून रडला.

आता गेल्या फेब्रुवारीचं. या सगळ्यापेक्षा ते वाईट आहे, म्हणून मागे ठेवलं होतं.

गौतमच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न अकोल्याला होतं. तो स्वतः पत्रिका घेऊन अमरावतीला आला. म्हणाला, मास्तरांचा ऑर्केस्ट्रा बाजूला राहू दे, तू एकटा ये, सोबत कीबोर्डवाला घे, पाहुणे जेवतील तेव्हा वाजव. मी गेलो. सकाळचं लग्न. वंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, पांढऱ्या साडीत प्रज्ञा छान दिसत होती. लोक जेवायला बसले आणि मी वाजवायला लागलो. तिसरा लावूनच. दुसरा काय लावणार?

चार-पाच गाण्यांनंतर गौतम जवळ आला. नवा कुर्ता, तोंडात विडा नाही काही नाही, चेहरा धुतलेला. आठ वर्षांत त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हळूच म्हणाला, "दिलीप, येकदा दे बे. दोनच सूर. पोरीच्या लग्नात वाजवतो म्हनलं होतं म्या, ते लहान होती तवा."

त्याच्या मागे शोभावहिनी उभी होती, हातात पाण्याचा जग.

माझ्या पिशवीत एक सुटा माउथपीस होता. सवय असते, एक जास्तीचा ठेवायची. मोठ्या फटीचा. काळा. दिसायला तसाच.

द्यायला काय हरकत होती? कारखाना सुटलेला, वय साठीच्या पुढे, आता तो माझी जागा घ्यायला येणार नव्हता. मास्तरसुद्धा थकले आहेत. मला कसली भीती होती? सांगतो कसली. त्याने तो तिसरा फुंकला असता आणि दोन श्वासांत, चारशे लोकांसमोर, त्याला स्वतःचा सूर परत ऐकू आला असता. मग त्याने माझ्याकडे वळून पाहिलं असतं.

मी म्हणालो, थांब, थुंकी लागलीय, पुसून देतो. आणि पाठ फिरवली. तिसरा काढला, पिशवीतला चढवला, तिसरा खिशात घातला. पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही. मान वर केली तर शोभावहिनी सरळ माझ्या हाताकडे पाहत होती. तिची जागा तिने बदलली होती, मला कळलंच नव्हतं.

गौतमने पट्टा गळ्यात घातला. कुर्त्यावरून हात फिरवला. पाहुण्यांतल्या कुणी तरी "वाजव बापू!" म्हणून आरोळी दिली. प्रज्ञा स्टेजवरून उठून पुढे आली. त्याने फुंकलं — आणि घरघर. पुन्हा फुंकलं. भोकाड पसरावं तसा एक आवाज निघाला आणि तुटला. लोक हसले नाहीत. तेवढी माया होती त्या लोकांत. जेवणाऱ्यांनी माना ताटांत घातल्या. गौतमनेच हसून पट्टा काढला आणि प्रज्ञाकडे पाहून म्हणाला, "पाह्य, म्हनलं होतं ना बेटा, दम गेला माहा." माझंच वाक्य. आठ वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं, कवळीसारखं रोज तोंडात घालून. प्रज्ञा त्याच्या गळ्यात पडली.

त्याने वाद्य माझ्या हातात दिलं आणि पाहुण्यांकडे गेला. मग शोभावहिनी माझ्याजवळ आली. जग खाली ठेवला. आवाज इतका हळू की कीबोर्डवाल्यालाही ऐकू गेला नसेल. "भाऊजी, तो खिशातला लावून द्या ना त्याईले. येकदा."

मी म्हणालो, "कोन्ता खिशातला, वहिनी?"

ती उभी राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आता सगळ्यांना हाक मारेल. तिने स्टेजकडे पाहिलं, मुलीकडे, व्याह्यांकडे. मग जग उचलला आणि पंगतीत पाणी वाढायला गेली. लेकीचं लग्न होतं. ती काही बोलणार नाही हे मला विचारताना ठाऊक होतं. म्हणूनच तसं विचारलं.

मी पाठ फिरवून तिसरा परत चढवला आणि पुढचं गाणं धरलं. चांगलं झालं. त्या दिवशी माझं सगळंच चांगलं झालं. निघताना गौतमने मला स्टँडवर सोडलं, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

गौतम अजून वाजवू शकतो. दम आहे त्याला, तीन मजले न थांबता चढतो. हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि शोभावहिनीला. त्यानंतर तिने मला फोन केलेला नाही, मीही केलेला नाही. गौतम करतो, रविवारी, पूर्वीसारखाच. परवा दर्यापूरला कार्यक्रम आहे. मी जाणार आहे, आणि तोच लावून वाजवणार आहे.